मधला माणूस

एका ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता, त्याची ही हकीकत आहे.

आमच्या गावच्या माध्यमिक शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर मी बरीच वर्षे आहे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराला गावात याहून मोठे पद मिळत नाही, आणि एकदा मिळाले की ते सोडवतही नाही. २०११ साली शाळेला सरकारी योजनेतून दहा संगणक मंजूर झाले. ते ठेवायला खोली हवी होती, आणि खोली कशी हवी याची यादीही बरोबर आली होती. वीज हवी, खिडक्यांना गज हवेत, छत गळता कामा नये, दाराला भक्कम कुलूप हवे. आमच्या शाळेत अशी खोली एकच होती. तिच्यात ग्रंथालय होते.

बैठक पाऊण तास चालली. त्यातला बहुतेक वेळ विजेची जोडणी कोणाकडून करून घ्यावी यात गेला. ग्रंथालय हलवण्याचा विषय शेवटी, चहाच्या कपांबरोबर आला. पुस्तकांची सात कपाटे शिक्षकांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवावी असे ठरले. ग्रंथपालबाईंना निरोप धाडून बोलावून घेतले होते, ते त्यांचे मत घेण्यासाठी नव्हे. कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या म्हणून. बाई अर्धवेळ होत्या. म्हणजे काम पूर्णवेळ आणि पगार अर्धवेळ, हे शिक्षणखात्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला फोड करून सांगायला नको. त्या दाराशीच उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी ठराव वाचून दाखवला आणि "तुम्हांला काही म्हणायचं आहे का?" असे, उत्तराची अपेक्षा नसताना ज्या सुरात विचारतात, त्या सुरात विचारले.

बाई म्हणाल्या, "पुस्तकं काय, कुठंही राहतील. पण मुलांनी विचारायचं कुणाला, तेवढं ठरवा."

कोणीतरी म्हणाले, "आता संगणकाला विचारतील, बाई!" सगळे हसले. मीही हसलो. मग हात वर झाले, त्यांत माझाही होता.

हा हात मी कोणाच्या भिडेने वर केला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. भिडेने केला असता तर एवढ्या वर्षांनी तो असा टोचत राहिला नसता. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता, आणि त्या आनंदाला माझ्या लहानपणचे एक कपाट कारण होते.

माझ्या शाळेत, १९५८-६० च्या सुमारास, ग्रंथालय म्हणून जे काही होते ते कचेरीतले एक काचेचे कपाट. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत. किल्ली कारकुनांच्या जानव्याला बांधलेली असे. शनिवारी शाळा सुटताना ते कपाट उघडत. आम्ही हजेरीच्या क्रमाने रांगेत उभे राहत असू, आणि त्यांच्या हाताला येईल ते पुस्तक ज्याच्या त्याच्या हातात पडे. माझा क्रमांक एकतीस. एका शनिवारी मला मधमाश्या पाळण्याची माहिती मिळाली, दुसऱ्या शनिवारी एका पतपेढीचा अहवाल मिळाला. 'हे नको, दुसरे द्या' असे म्हणण्याची रीत नव्हती. पुढे शिक्षक झाल्यावर मुदलियार आयोगाचा १९५३ सालचा अहवाल वाचनात आला, तेव्हा आयोगाची मंडळी आमच्याच कचेरीत डोकावून गेली असावीत असे मला वाटले. बहुसंख्य शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालय नाही. पुस्तके जुनी, मुलांच्या आवडीनिवडीशी संबंध नसलेली. आणि ती सांभाळायला एखादा कारकून किंवा उदासीन शिक्षक, ज्याला पुस्तकांची ओढही नाही आणि ग्रंथालयाच्या कामाची माहितीही नाही, असा तेथील मजकुराचा आशय होता.

तेव्हा मधल्या माणसाविषयी माझ्या मनात लहानपणापासून अढी आहे. ती माझ्या एकट्याच्या मनात आहे असेही नाही. पिकवणारा आणि खाणारा यांच्या मधला अडत्या, पक्षकार आणि न्याय यांच्या मधला वकील, देव आणि भक्त यांच्या मधला पुजारी. यांच्याविषयी आपण घरात काय बोलतो ते मुलांनाही पाठ असते. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, त्या घटनेचा आपल्याला सातशे वर्षांनंतरही अभिमान वाटतो तो काही अंशी याचसाठी, की संस्कृत जाणणारा एक मध्यस्थ तिने दूर केला.

आणि साताऱ्याच्या शाळेतला तो नळ. भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडायचा आणि मग त्याने प्यायचे. शिपाई त्या दिवशी आलेला नसेल तर पाण्यावाचून राहायचे. हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. इतिहासाच्या तासाला मी ही गोष्ट दरवर्षी सांगत असे, आणि सांगताना दरवर्षी वर्गातली दोन-चार मुले खाली बघत. मधला माणूस म्हणजे काय, याचे यापेक्षा उघडे चित्र मला ठाऊक नाही. पाणी आहे, तहान आहे, आणि या दोहोंच्या मध्ये एक हात आहे.

तर २०११ साली मला वाटले, की हा नळ आता मुलांच्या हाती आला. यंत्र हजेरीचा क्रमांक विचारत नाही आणि आडनावही विचारत नाही. त्याला जानवे नाही. मग हात वर का करू नये?

आपल्या देशाच्या शिक्षणधोरणातही हीच आशा वाहत आली आहे आणि ती आजकालची नाही. १९७५-७६ साली सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाच्या साहाय्याने दूरचित्रवाणी थेट उतरवण्याचा प्रयोग झाला. १९८४ पासून निवडक शाळांत संगणक आले. २०१२ मध्ये शालेय शिक्षणातल्या माहिती-तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले, २०१७ मध्ये 'दीक्षा' हा मंच निघाला, २०२० च्या साथीत 'पीएम ई-विद्या' आली आणि त्याच वर्षीच्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणातल्या तंत्रज्ञानाचा विचार करायला एक स्वतंत्र राष्ट्रीय मंच सुचवला. २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी आणि किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. नावे बदलत गेली, यंत्रे लहान आणि स्वस्त होत गेली. मूळ वचन तेच राहिले, की खेड्यातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलापाशी उत्तम शिक्षक आणि उत्तम पुस्तक मधल्या कोणाच्या मेहेरबानीवाचून पोहोचेल.

याची थट्टा करणे सोपे आहे, पण ती मला करायची नाही. साथीच्या काळात आमच्या शेजारची एक मुलगी वडिलांच्या भ्रमणध्वनीवर, ते कामावरून आल्यानंतर, रात्री नऊ वाजता अपूर्णांकांचा भागाकार शिकत असे. तोच धडा तिने बारा वेळा लावला. कोणताही मास्तर बारा वेळा सांगत नाही. तिसऱ्या वेळेला त्याचा आवाज चढतो. माझा चढत असे. यंत्राचा चढला नाही. त्या मुलीला आज भागाकार येतो आणि तिला अपूर्णांकांची भीती वाटत नाही, हे माझ्या अनेक विद्यार्थ्यांविषयी मला म्हणता येणार नाही.

पण मास्तरकी अंगात मुरली, की कागद वाचताना गाळलेल्या जागा आधी दिसू लागतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवे असे म्हटले आहे. त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तकेसुद्धा हवीत. ज्याने 'गोष्टींची पुस्तके' हे शब्द कायद्यात घातले त्याला माझा नमस्कार असो. त्याच अनुसूचीत वरच्या वर्गांसाठी, शंभरावर मुले असतील तर, चित्रकलेला, शारीरिक शिक्षणाला आणि कार्यशिक्षणाला अर्धवेळ का होईना माणूस लिहिला आहे. ग्रंथालयाला माणूस लिहिलेला नाही. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे पुस्तकांसाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये मिळतात, ते पुस्तकांसाठी. २०२० च्या धोरणात ग्रंथालयांना पुरेसे कर्मचारी मिळावेत, त्यांच्या बढतीची आणि प्रशिक्षणाची सोय असावी, हे वाक्य आहे खरे. मौज अशी, की ते प्रौढशिक्षणाच्या प्रकरणात आहे. मुलांनी ग्रंथपालाची वाट बघत प्रौढ व्हावे असा तर त्यात हेतू नसेल ना, असे मी एकदा मंडळाच्या बैठकीत म्हणालो. कोणी हसले नाही.

वस्तूला कागदावर जागा मिळते आणि माणसाला मिळत नाही, याचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही. वस्तू मोजता येते, तिचे उद्घाटन करता येते. माणसाला दरमहा पगार द्यावा लागतो, तो रजेवर जातो, त्याला आवडीनिवडी असतात. शिवाय तो त्या शनिवारच्या कारकुनांसारखाही निघू शकतो. हे शेवटचे कारण मला महत्त्वाचे वाटते, आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी बाईंची एक गोष्ट सांगतो.

बाई त्या खोलीत बसून काय करीत, हे त्या खोलीचे कुलूप बदलल्यानंतर मला कळू लागले. हा प्रसंग त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी, मुलीचे नाव न घेता सांगितला. सातवीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत येई आणि विज्ञानाच्या कपाटापुढे उभी राही. पुस्तक काढी, चाळी, परत ठेवी. काय हवे म्हणून विचारले तर "काही नाही" म्हणे. चौथ्या दिवशी बाईंच्या ध्यानात आले, की ही प्रत्येक पुस्तकाची शेवटची पाने बघते. शेवटी शब्दसूची असते, आणि तिचे बोट दर वेळी 'क्ष'पाशी जाऊन थांबते. बाईंनी पुस्तक शोधून दिले नाही. त्यांनी हळूच विचारले, "घरी कुणाला खोकला आहे का गं?" मुलगी रडू लागली. आईला क्षय झाला होता, आणि घरात तो शब्द उच्चारायला बंदी होती. बाई त्या संध्याकाळी तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेल्या. औषध फुकट मिळते, नेमाने आणि पूर्ण मुदतीपर्यंत घेतले तर हा आजार बरा होतो, एवढे त्यांनी तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवले. पुस्तक दिले ते दुसऱ्या दिवशी. ते क्षयावरचे नव्हते, एका खोडकर मुलाच्या उचापतींचे होते.

"तिला आता जरा हसायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

हीच मुलगी संगणकापुढे बसली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या सोयीचे येत नाही. तिने तो शब्द लिहिला असता तर तिला माहिती मिळाली असती. बाईंजवळ होती त्याहून अधिक आणि कदाचित अधिक अचूक. बाईंना चार दिवस लागले, यंत्राला क्षणही लागला नसता. आणि यंत्रापुढे तिला लाज वाटली नसती, हीदेखील लहानसहान गोष्ट नव्हे. कित्येक मुलांचे कित्येक प्रश्न मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघूनच गिळले जातात. मी स्वतः असा चेहरा घेऊन तीस वर्षे वर्गात उभा राहिलो आहे.

तरीही माझे मन बाईंकडे जाते. बारा वर्षांच्या मुलीने त्या आजाराने दरवर्षी किती माणसे जातात तो आकडा एकटीने, खोलीत दुसरे कोणी नसताना वाचावा का? आकडा खरा असेल. पण तिचा प्रश्न आकड्याचा नव्हता. 'आई मरणार का?' हा तिचा प्रश्न होता, आणि तो तिने कोणत्याही पुस्तकाला किंवा यंत्राला विचारला नसता, कारण तो तिने स्वतःलाही विचारला नव्हता. यंत्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. बाई त्या मुलीला उत्तर देत होत्या.

आणि ज्या बाबासाहेबांच्या नळाची गोष्ट सांगून मी मधल्या माणसाविरुद्ध साक्ष काढली, त्यांच्याच चरित्रात दुसराही एक मधला माणूस आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा शाळेनंतर वाचत बसलेला असे. तेथे येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाच्या एका शिक्षकाचे त्याच्याकडे लक्ष गेले. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली, वाचनाला वळण लावले. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. त्या बागेत तो मुलगा पुस्तकांपर्यंत स्वतःच पोहोचला होता. तेथे पुस्तकांची वाण नव्हती. केळुसकरांनी त्याच्या हाती जे पुस्तक ठेवले, ते त्याने मागितले नव्हते. त्याचे पुढे १९५६ साली नागपुरात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. एका भेटीच्या पुस्तकाला त्याचे सारे श्रेय देणे हास्यास्पद होईल, पण ते पुस्तक त्या वाटेवर होते एवढे नक्की.

साताऱ्याचा शिपाई आणि चर्नी रोडच्या बागेतले केळुसकर. एकाच आयुष्यात दोन मधली माणसे. पहिला निघून गेला पाहिजे याविषयी दुमत होणार नाही. पण त्याला काढताना आपण दुसऱ्यालाही काढून टाकतो, आणि दोघांना एकाच नावाने हाक मारतो, येथे माझी २०११ ची चूक होती असे मला वाटते.

दुसरी चूक याहून बारीक होती. मला वाटले होते, की यंत्र आले म्हणजे मधली जागा रिकामी झाली. ती रिकामी होत नाही. मूल शब्द लिहिते आणि समोर दहा गोष्टी येतात; त्यांतली पहिली कोणती, हे कोणीतरी ठरवलेलेच असते. आता तर यंत्र दहा गोष्टीही दाखवत नाही. स्वतःच एक उत्तर सुबक मराठीत लिहून देते, आणि ते कोणी लिहिले, कशावरून लिहिले, याचा पत्ता त्या उत्तराच्या अंगावर असेलच असे नाही. आमच्या कारकुनांची किल्ली निदान दिसत तरी होती. मी त्यांच्यावर मनातल्या मनात रागावू शकत होतो. आजच्या मुलाने रागवावे कोणावर?

आणि ही मधली जागा सगळे लक्षात ठेवते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ साली ४९ देशांतल्या सरकारांनी साथीत मुलांसाठी शिफारस केलेली शिक्षणसाधने तपासली, तेव्हा दहांपैकी जवळजवळ नऊ साधने मुलांची माहिती या ना त्या प्रकारे गोळा करताना किंवा तिच्या गैरवापराला वाट देताना आढळली. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट घातली गेली, ही चांगली गोष्ट आहे. पण संमती देणाऱ्या पालकाला आपण कशाला संमती देतो आहोत हे शाळेत कोण समजावून सांगणार, हा प्रश्न पुन्हा त्याच रिकाम्या खुर्चीपाशी येऊन थांबतो.

बाईसुद्धा लक्षात ठेवीत. देवघेवीच्या सरकारी नोंदवहीखेरीज त्यांची स्वतःची एक वही होती. तिच्यात कोणत्या मुलाने काय वाचले, काय अर्धवट टाकले, कशाला घाबरले, पुढे काय द्यावे, हे बारीक अक्षरात लिहिलेले असे. एकदा एका वात्रट मुलाची काही माहिती हवी म्हणून मी ती वही बघायला मागितली. बाईंनी ती मिटून टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाल्या, "सर, सरकारी नोंदवही आहे ती बघा ना." मला त्या वेळी राग आला होता.

आता ते महत्त्वाचे कारण. कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्या बाई आणि केळुसकर शासननिर्णयाने नेमता येत नाहीत. जाहिरात देऊन माणूस नेमला की तुमचे ते शनिवारचे कारकूनच मिळणार. मग यंत्र काय वाईट? निदान ते सर्वांना सारखे.

हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि त्याला पुरते उत्तर माझ्यापाशी नाही. पण ज्या सयाजीरावांकडे केळुसकरांनी शब्द टाकला त्यांच्याच बडोद्यात याचा एक प्रयोग झालेला आहे. १९०६ मध्ये महाराजांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मग प्रश्न आला, की शाळेत शिकलेले अक्षर शाळा सुटल्यावर पुसले जाते, त्याचे काय? म्हणून १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवून ग्रंथालयांचे खाते उभारले गेले. गावोगाव वाचनालये निघाली, पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या सरकारी खर्चाने खेड्यांत फिरू लागल्या, आणि बॉर्डन यांनी ग्रंथपालांना शिकवण्याचे वर्गही काढले. मला विशेष वाटते ते पुढेच आहे. त्या काळचे जे नवे तंत्रज्ञान होते, म्हणजे जादूच्या कंदिलाच्या चित्रकाचा, दोन डोळ्यांनी पाहायची चित्रे, चलच्चित्राचे यंत्र, ते सगळे याच ग्रंथालय खात्याच्या एका शाखेकडे होते. कंदील आला म्हणून पेटीवाल्याला घरी बसवा, असे बडोद्यात कोणाला सुचले नाही. कंदील त्याच्याच हाती दिला.

नंतर मद्रासमध्ये शि. रा. रंगनाथन यांनी हे सारे शास्त्राच्या पातळीवर नेले. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांची पाच सूत्रे प्रसिद्ध झाली. त्यांतले एक सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. यंत्रे हे सूत्र इतके चोख पाळतात, की बिचाऱ्या रंगनाथनांनाही कौतुक वाटले असते. मुलाच्या बाबतीत मात्र वेळ वाचवणे नेहमी इष्ट असते की नाही, याची मला शंका आहे. कपाटापुढे चार दिवस उभे राहण्यात त्या मुलीचे जे काम चालले होते, ते एका क्षणात उरकण्याजोगे नव्हते.

माया शासननिर्णयाने नेमता येत नाही हे कबूल. पण मायेला बसायला खुर्ची देता येते, पूर्ण दिवस देता येतो, आणि शिकवूनही पुष्कळ येते. आमच्या कारकुनांना ते कोणी शिकवले होते? त्यांच्यावर पुस्तके हरवली तर पगारातून कापून जाण्याची टांगती तलवार होती. त्यांनी किल्ली जानव्याला बांधली यात नवल ते काय? आज एवढ्या वर्षांनी त्यांच्याविषयी असे वाटते, आणि वाटायला फार उशीर झाला.

बाई २०१७ साली निवृत्त झाल्या. त्यांचे अर्धे पद त्यांच्याबरोबरच संपले. दहा संगणकांतला शेवटचा त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बंद पडला. कपाटे व्हरांड्यात आहेत; दोघांची दारे पावसाने फुगून उघडत नाहीत. आता एका माजी विद्यार्थ्याने शाळेला मोठा स्मार्ट बोर्ड आणि वीस टॅब देऊ केले आहेत. त्याच खोलीला 'ई-ग्रंथालय' अशी पाटी लावायची आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी मंडळाची बैठक आहे, आणि विषयपत्रिकेत मी एक विषय दिला आहे. टॅब अवश्य घ्यावेत. कपाटे पुन्हा त्या खोलीत आणावीत. आणि तेथे पूर्णवेळ बसायला ग्रंथालयाचे शिक्षण घेतलेले एक माणूस संस्थेच्या स्वतःच्या निधीतून नेमावे.

खजिनदार परवा घरी येऊन गेले. भला माणूस आहे. त्यांनी हिशेब मांडला: टॅब एकदाच येतात आणि तेही फुकट; पगार दरमहा जातो. इमारत निधीचे व्याज त्यात गेले तर मुलींच्या स्वच्छतागृहाचे काम पुढे ढकलावे लागेल. "तुमचं प्रायश्चित्त संस्थेच्या खर्चानं नको, सर," असे ते म्हणाले नाहीत. पण उठताना थोडे थांबले, तेव्हा ते त्यांच्या ओठांवर होते. स्वच्छतागृहाच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अजूनही नाही.

मंडळाला दाखवायला काहीतरी हातात असावे, म्हणून काल बाईंकडे गेलो. चकल्या तळणे चालू होते. मी म्हटले, "बाई, ती तुमची वही हवी होती. चार दिवसांत परत करतो."

"वही?" झारा निथळत त्या म्हणाल्या. "ती बंबात घातली, सर. रिटायर झाले त्याच वर्षी. नरकचतुर्दशीच्या पहाटे."

मला क्षणभर बोलता येईना. "इतक्या वर्षांच्या नोंदी, बाई?"

"माझ्या कुठं होत्या? मुलांच्या होत्या. ती मुलं आता मोठी झाली, कुणाची लग्नं झाली, कुणी इथंच बाजारात दुकान टाकलंय. बाराव्या वर्षी त्यांना कशाची भीती वाटत होती, ते कुणाच्या हाती कशाला पडायला हवं?"

त्यांनी बशीत चकल्या घालून पुढे केल्या. मी बैठकीचे, टॅबचे, खजिनदारांच्या हिशेबाचे सगळे सांगितले. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "त्या खोलीची पश्चिमेची खिडकी अजून उघडते का?"

मी म्हटले, संगणक आले तेव्हाच ती खिळे मारून बंद केली आहे.

"ती आधी उघडून घ्या," बाई म्हणाल्या. "तिथं एक स्टूल ठेवत असे मी. मुलं तिथं जास्त वेळ थांबतात."